बाळंतिणीचं मीठ

बुआलायला रडणारी मुलं आवडत. लसीच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या ओसरीवर दहा-बारा तान्ही पोरं एकदम भोकाड पसरत, आया कावऱ्याबावऱ्या होत, दुसरी परिचारिका कपाळाला हात लावून आत निघून जाई. बुआलाय मात्र अशा वेळी निवांत दिसे. एखादं मूल जरा कमी रडलं तर ती त्याच्या टाचेला टिचकी मारी आणि आवाज नीट फुटला की मगच आईकडे देई. बायका तिला चेष्टेनं म्हणत, "मावशी, तुम्ही सुई देता की ताल धरता?"

या आवडीमागचं कारण तिच्या जन्माच्या आधीचं आहे.

पूर्वेकडच्या एका दूरच्या देशात, सेदोन नदीच्या काठी, सालावानच्या बाजूला तिचं गाव. तिच्या आईला तिच्याआधी तीन मुलं झाली. तिन्ही अंगानं भरलेली, गोरीगोमटी. तिन्ही दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गेली, आणि एकाच पद्धतीनं गेली. आधी मूल अंगावर प्यायचं सोडी. मग दोन दिवस सारखं रडे. मग रडणं दिसे, पण ऐकू येत नसे. तोंड उघडं, चेहरा लाल, मुठी आवळलेल्या, आणि आवाज नाही. त्यानंतर फार वेळ लागत नसे. गावात याला कारण ठरलेलं होतं. प्रत्येक मुलाला मागच्या जन्मीची एक आई असते. तिला आठवण आली की ती हाक मारते आणि मूल तिच्याशी बोलायला लागतं, म्हणून आपल्याला त्याचा आवाज येत नाही.

चौथ्या वेळी आजीनं मुलीला सुपात ठेवून दारात नेलं आणि ओरडून विचारलं, "कुणाचं आहे हे? ज्याचं असेल त्यानं आत्ता घेऊन जा." कुणी आलं नाही. मग आई म्हणाली, "माझं आहे." मागच्या आईला हेवा वाटू नये म्हणून मुलीला 'बेडकी' म्हणू लागले. आपल्याकडे दगडू आणि केरू ज्या गरजेतून येतात, त्याच गरजेतून हे नाव आलं. बेडकी जगली. सुपाचा आणि नावाचा लौकिक वाढला.

बाविसाव्या वर्षी प्रांताच्या गावी परिचारिकेचं शिक्षण घेताना बुआलायला दुसरं कारण कळलं. त्या भागात बाळंतीण बाजेवर झोपते, बाजेखाली निखारे असतात, आणि पुढचे दोन-तीन महिने ती चिकट भात आणि कोलिंजनाचं तिखट मूळ घालून भाजलेलं मीठ एवढंच खाते. भात गिरणीतून पांढराशुभ्र करून आणलेला, रात्रभर भिजवून पाणी फेकून वाफवलेला. त्यात जे एक जीवनसत्त्व असतं, ते गिरणीत आणि त्या पाण्यात जातं. मग ते आईच्या दुधात उतरत नाही. बाळाचं हृदय सुजतं, घशाची नस लुळी पडते, आवाज बसतो. वर्गातल्या बाई म्हणाल्या, याला बी-वनची कमतरता म्हणतात, आणि एका इंजेक्शनानं मूल दोन-तीन तासांत दूध मागायला लागतं.

बुआलायनं आपलं जन्मवर्ष आठवून पाहिलं. त्या वर्षी पाऊस नव्हता. गिरणीत न्यायला भातच नव्हता. घरी कोंड्यासकट कांडलेलं धान्य आणि रानातल्या शेंगा खात होते. आईला पथ्य पाळता आलं नाही, कारण पथ्यालाही घरात काही लागतं. मुलीला दुष्काळानं वाचवलं होतं.

सुट्टीत घरी आल्यावर तिनं हे आईला समजावून सांगितलं. आई भाताची पाटी उपडी करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे त्या तिघांना मी मारलं म्हणतेस?"

नंतर आई चार वर्षं जगली. हा विषय दोघींपैकी कुणीही पुन्हा काढला नाही. बुआलाय सांगते की नोकरीतला पहिला धडा तिला तिथंच मिळाला. हा सल्ला ज्या बाईचं मूल गेलंय तिला देता येत नाही. आणि त्या गावांत बाळंतिणीच्या उशाशी बसून नियम सांभाळणारी बाई बहुतेक वेळा तीच असते.

तरीही पहिली चार वर्षं तिनं सल्लाच दिला. सात गावं तिच्याकडे होती. ती सायकलवरून जाई, बाजेजवळ बसे आणि अंडी खा, डुकराचं मांस खा, शेंगा खा, पालेभाजी खा असं सांगे. बायका 'हो मावशी' म्हणत. एका घरी तर तिच्यासमोर मांसाचा रस्सा वाटीत वाढला गेला. ती छत्री विसरली म्हणून परत वळली, तेव्हा जिन्याखाली कुत्रं तीच वाटी चाटत होतं. घरच्यांना लाज वाटली नाही, तिलाही राग आला नाही. पाहुणीचा मान राखायचा म्हणून त्यांनी वाढलं होतं. त्या चार वर्षांत सात गावांत अकरा मुलं आवाज जाऊन मेली.

पाचव्या वर्षी केंद्रात बी-वनच्या इंजेक्शनांचे खोके आले. बुआलायनं पहिलं इंजेक्शन एका पहिलटकरणीला दिलं, कारण आईला मिळालं की दुधातून बाळाला मिळतं. हे इंजेक्शन झोंबतं. मुलगी कळवळून म्हणाली, "निखारा ठेवल्यागत जळतंय." बाजेजवळ काढा ढवळत बसलेली म्हातारी म्हणाली, "मग गरम औषध आहे. बाळंतिणीला चालतं."

बुआलाय सांगते, "मी खोटं बोलले नाही. मी सुई डब्यात टाकायला गेले."

महिन्याभरात सातही गावांत बातमी गेली की मावशीकडे आगीचं औषध आहे, त्यानं शेक आतून लागतो. बायका आपणहून हात पुढे करू लागल्या. पथ्य जसंच्या तसं राहिलं, भात तोच, मीठ तेच, आणि मुलं मरायची थांबली. पहिल्या वर्षी एक गेलं, नंतर पंधरा वर्षं एकही नाही. ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. जे घडत नाही त्याची चर्चा होत नसते.

सुई सुरू झाल्यापासून सतराव्या वर्षी डॉक्टर अनुलक केंद्रावर रुजू झाला. वय तिशीच्या आत, शिक्षण राजधानीत. माणूस चांगला. औषधांची खोकी स्वतः उतरवून घेई, बुआलायशी अदबीनं बोले, बायकांना ताटकळत ठेवत नसे. त्यानं नोंदवही चाळली आणि विचारलं की धडधाकट बाळंतिणींना हे इंजेक्शन कशासाठी. बुआलायनं खरं ते सांगितलं, आगीच्या औषधासकट.

तो म्हणाला, "मावशी, तुम्ही त्यांच्या अज्ञानालाच सुई देताय. उद्या तुम्ही नसाल, साठा नसेल, तेव्हा काय करतील त्या?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता.

फेब्रुवारीत विहाराच्या मंडपात त्यानं बायकांची सभा घेतली. भिंतीवर मोठं चित्र लावलं. मध्ये बी-वन लिहिलेलं एक पिवळं वर्तुळ, भोवती डुक्कर, अंडी, भुईमूग, सोयाबीन, पालेभाजी. अर्धा तास तो छान बोलला, साधं बोलला. शेवटी म्हणाला की बुआलायमावशी जी सुई देतात, त्यात जादू काही नाही. या चित्रातल्या पदार्थांत जे आहे तेच त्या सुईत आहे. हे खाल्लंत तर सुई लागणारसुद्धा नाही.

दुसऱ्या रांगेतल्या पेंगनं हात वर केला. "म्हणजे त्या सुईत डुकराचा अर्क असतो?"

डॉक्टर हसला. "डुकराचा अर्क नव्हे, काकू. पण डुकराच्या मांसात जे असतं, तेच."

"कळलं," पेंग म्हणाली.

बुआलाय मागे खांबाला टेकून उभी होती. पेंगला काय कळलं ते तिला तिथंच कळलं.

पेंगला दोन मुली. थोरली नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी नवऱ्याच्या नातेवाइकांकडे बाळंत झाली. तिथं कुणीतरी अंगात ताकद यावी म्हणून तिला डुकराच्या मांसाचा रस्सा पाजला. बाराव्या दिवशी ताप चढला, पंधराव्या दिवशी ती गेली. कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं असतं की तो बाळंतरोगाचा ताप, बाळंतपणात अस्वच्छ हात लागल्यानं आलेला. पण तसं सांगायला तिथं कुणी नव्हतं आणि रस्सा सगळ्यांनी पाहिला होता. आता उरली धाकटी, लाम्फोन. ती पोटुशी होती. रीतीप्रमाणे जावई सासऱ्याच्या घरीच राहायला आला होता, आणि या खेपेला बाज पेंगच्या डोळ्यांसमोर असणार होती.

मार्चमध्ये लाम्फोनला मुलगा झाला. केंद्रातच झाला, बुआलायच्या हातांवर. तीन किलोच्या वर, आणि आवाज असा की बाहेर भातलावणीचं यंत्र दुरुस्त करणाऱ्यानं मान वर केली. दहाव्या दिवशी बुआलाय कुपी घेऊन घरी गेली. लाम्फोन बाजेवर घामानं निथळत पडली होती. पेंगनं बुआलायला पाणी दिलं, बसायला चटई दिली, नातवाचे पाय दाखवले. कुपी बाहेर निघाली तेव्हा तिनं ती हातानं झाकली.

"बुआलाय, तुझ्या हाताला माझं काही म्हणणं नाही. माझा नातू त्याच हातांवर आलाय. पण ही बाटली नको."

"सोळा वर्षं सगळ्या घेतायत, पेंगताई. तुझ्या भाचीनं घेतली."

"सोळा वर्षं तू सांगितलं नाहीस ना आत काय आहे ते."

बुआलाय उठून आली. चौथ्या आठवड्यात पुन्हा गेली, पुन्हा पाणी मिळालं, चटई मिळाली. लाम्फोननं फक्त एकच विचारलं, वजन बरं आहे ना. वजन बरं होतं. या आजारात ते शेवटपर्यंत बरंच असतं.

पाचव्या आठवड्यात जिल्ह्याहून पाहणी आली. सभेनंतर बायकांना किती समजलं ते मोजायचं होतं. एक मुलगी कागद घेऊन घरोघर गेली. बाळंतिणीनं काय खावं? लाम्फोन म्हणाली, अंडी, मांस, शेंगा, पालेभाजी. बी-वन कशात असतं? तिनं तेही सांगितलं. दहाच्या दहा उत्तरं बरोबर आली. बक्षीस म्हणून अंगाचा साबण मिळाला. पाहणीवाली बोलत होती तेव्हा लाम्फोनच्या पुढ्यात भाताचा गोळा आणि मीठ होतं. कागदावर तो रकाना नव्हता. गावाला शंभरपैकी शंभर पडले.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, बुआलाय लसीची थंड पेटी खांद्याला अडकवून पेंगच्या घरावरून चालली होती. ओट्यावर लाम्फोन मुलाला घेऊन बसली होती. मुलाचं तोंड पूर्ण उघडं होतं. बुआलायला कोंबड्या ऐकू येत होत्या, शेजारचा रेडिओ ऐकू येत होता.

ती जिना चढून वर गेली. लाम्फोन म्हणाली, "आता जरा शांत झालाय, मावशी. दोन दिवस सारखा रडत होता."

मुलाच्या बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. ओठांना निळी छटा आली होती. कुपी पिशवीत होतीच. पेंग आतून सूप घेऊन बाहेर आली. तिनंही ओळखलं होतं. तिच्या लेखी त्याचं नाव वेगळं होतं इतकंच.

बुआलायनं तिथं उभ्या उभ्या तोड काढली. पथ्य आईला असतं. रस्सा आईनं प्यायचा नसतो. ती पेंगला म्हणाली, "लाम्फोनला हातही लावत नाही. याला देते. बाळाला कसलं आलंय पथ्य?"

पेंग थांबली. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं, पण याच्या विरोधातलंही काही ऐकलं नव्हतं. तिनं पलीकडच्या म्हातारीला बोलावलं. म्हातारी म्हणाली की असा नियम आठवत नाही. मुलाच्या बापाला विचारा म्हणाली. बाप पाटावर पंप लावायला गेला होता. एक माणूस त्याला आणायला गेला. बुआलाय सुई भरून बसून राहिली. तिनं चार वेळा सांगितलं की वेळ नाही.

लाम्फोन पहिल्यांदाच आईशी वर मान करून बोलली. "आई, टोचू दे."

पेंग म्हणाली, "तुझ्या बहिणीनंही असंच म्हटलं होतं. पिऊ दे म्हणाली होती."

बाप आला. तो म्हणाला, आईंना जे वाटेल ते. शेवटी पेंग तयार झाली, पण आधी सूप, मग सुई. मुलाला सुपात ठेवलं, दारात नेलं, कुणाचं आहे ते विचारलं, लाम्फोननं 'माझं आहे' म्हटलं, मनगटाला पांढरा दोरा बांधला. बुआलाय घरात शिरल्यापासून इथवर दीड तास गेला होता.

मग तिनं सुई दिली. मूल वीस मिनिटांनी गेलं. औषधाला किमान तासभर लागतो.

एव्हाना ओट्यावर आणि जिन्यात पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यांनी पाहिलं ते असं: सूप झालं, दोरा बांधला, मूल श्वास घेत होतं. बुआलायनं सुई टोचली. मूल मेलं.

डॉक्टर अनुलकनं अहवालात न्यूमोनिया लिहिलं. श्वास जोरात चालल्याचं घरच्यांनी सांगितलं होतं, आणि त्या अहवालात आवाज गेल्याची खूण करायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी तो बुआलायजवळ येऊन बसला. त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "मावशी, तुम्ही इतक्या वर्षांच्या. तुम्ही तरी त्यांना समजावायला हवं होतं."

"तुम्ही समजावलंत ना, डॉक्टर," ती म्हणाली. "त्यांना समजलं."

जिल्ह्याहून आलेलं शंभर टक्क्यांचं प्रशस्तिपत्र केंद्रात वजनकाट्याच्या वर लागलं. बी-वनच्या सुईला कुणी हात पुढे करेना. पुढे बायका लसीसाठीही मुलं तिच्याकडे आणेनात, नदीपलीकडच्या केंद्रावर नेऊ लागल्या. लसीच्या दिवशी तिची ओसरी शांत राहू लागली. त्या पावसाळ्यात आणखी दोन मुलं आवाज जाऊन गेली. तिला नोंदणीच्या टेबलावर बसवलं आणि तीन वर्षांनी ती तिथूनच निवृत्त झाली. तिच्यामागे गावात जे बोललं जातं ते तिला माहीत आहे. ज्या हातांवर मुलं जन्मली, त्यांना मुलं खाणारे हात म्हणतात.

आता ती घरी मीठ करते. कोलिंजन वाळवून कुटते, जाडं मीठ कढईत तांबूस होईपर्यंत भाजते, पूर्ण गार होऊ देते. मग बाजारात मिळणाऱ्या बी-वनच्या गोळ्यांची पूड करून त्यात मिसळते. गोळ्यांना उग्र वास असतो, तो कोलिंजनात लपतो. केळीच्या पानात पुड्या बांधते. आठवडी बाजारात भाजी विकणारी तिची मावसबहीण त्या पुड्या नेते आणि कुठलं मीठ म्हणून कुणी विचारलं तर डोंगराकडचं म्हणते. बायकांना ते आवडतं. चांगलं गरम आहे म्हणतात. यात काय आहे ते बुआलायनं कुणालाही सांगितलेलं नाही, डॉक्टरलाही नाही. सल्ला देणं तिनं सोडलं आहे. ही हकीगत त्या भागात कुणी वाचणार नाही अशा भाषेत लिहायला तिची हरकत नव्हती. नावं बदलायची अट होती, ती पाळली आहे.

एकदा मी तिला विचारलं होतं की न सांगता खाऊ घालणं तिला बरोबर वाटतं का. ती म्हणाली, बरोबर नाहीच. सांगून पाहिलं होतं ना.

यंदा लाम्फोनला दुसरा मुलगा झाला. बाज तीच, निखारे तेच, उशाशी पेंग. पेंगनं बाजारातून पुडी घेतली की नाही हे बुआलायला ठाऊक नाही. मावसबहिणीला ती विचारू शकत नाही, कारण का विचारतेस याचं उत्तर द्यावं लागेल. मीठ नेलं असेल तर ते कुणी केलं हे पेंगला कळता कामा नये. कळलं तर सातही गावांत त्या पुड्या उकिरड्यावर जातील.

म्हणून ती रोज सकाळी भाजी आणायच्या निमित्तानं त्या रस्त्यानं जाते आणि पेंगच्या घरासमोरच्या चिंचेखाली पिशवी खाली ठेवून उभी राहते. सातव्या आठवड्यात एक दिवस बराच वेळ काही ऐकू आलं नाही. ती तिथून हलली नाही. मग आतून मूल रडलं, खणखणीत.

पेंग ओट्यावर आली. तिनं बुआलायला पाहिलं आणि कठड्याला हात टेकून वरूनच म्हणाली, "रोज कशाला उभी राहतेस इथं? एक खाल्लंस, त्यानं पोट नाही भरलं?"

शेजारच्या ओट्यावरच्या बायका ऐकत होत्या. बुआलायनं पिशवी उचलली. मूल अजून रडत होतं. ती सावकाश चालली, नेहमीपेक्षा सावकाश, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत तो आवाज तिला येत राहिला.